काढा प्यायलेले, न प्यायलेले

सोजराबाईच्या हाताला गुण आहे, हे धारखेडात कुणी कुणाला सांगावं लागत नसे. लोणारजवळच्या बीबी गावाच्या दक्षिणेला दोन कोसांवर, ओढ्याच्या काठी सत्तरेक घरांचं हे गाव. पावसाळा सरत आला की ओढ्याची डबकी व्हायची, आणि भादव्यापासून दिवाळीपर्यंत घरोघरी हिवताप शिरायचा. भरदुपारी धडधाकट माणूस एकाएकी कुडकुडायला लागे. अंगावर तीन गोधड्या टाकल्या तरी बाज हलत राही. मग भट्टीसारखा ताप, मग घाम, मग एक दिवस काहीच नाही. आणि तिसऱ्या दिवशी नेमक्या त्याच वेळेला पुन्हा पाळी. अशा वेळी घरातली बाई गडवा घेऊन सोजराबाईच्या अंगणात येई.

काढा तिला सासूकडून मिळाला होता. लग्न होऊन आली तेव्हा ती बारा वर्षांची होती. सासूचे गुडघे धरलेले, म्हणून रानातून पाला-मुळ्या आणायचं काम सुनेवर आलं. कडुनिंबावर चढलेली गुळवेल आणि ओढ्याकाठची निर्गुडी गावातच मिळे. गजग्यासाठी मात्र तिला लोणारच्या सरोवराच्या उतारावर जावं लागे. काटेरी जाळीत हात घालून शेंगा तोडायच्या. घरी येईस्तोवर मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे. त्यातल्या करड्या, दगडासारख्या बिया भाजून फोडायच्या आणि आतला गर मिऱ्यांबरोबर कुटायचा. काडेचिराईत मेहकरच्या बाजारातून यायचं. सगळं मडक्यात घालून चार भांडी पाण्याचं एक भांडं होईपर्यंत आटवायचं. इतकं कडू, की प्यायल्यावर मोठी माणसंसुद्धा दोन घटका थुंकत बसत.

काढ्याबरोबर सासूनं एक पथ्यही दिलं होतं. काढा चालू आहे तोवर लंघन. पोटात अन्नाचा कण नाही, पाणीही घोटाघोटानं. तापात जेवलेलं सगळं ताप खातो, असं सासू म्हणे, आणि सोजराबाई तेच पुढे प्रत्येक घराला बजावून सांगे.

नवरा, पुंजाजी, प्लेगात गेला. पदरी एकुलता शेषराव आणि बारा एकर जमीन. दीर-जावा टपून होते. तरण्या विधवेला गावात ताठ मानेनं उभं राहता आलं, ते या काढ्यामुळे. ज्याच्या पोराला आपण रात्रंदिवस जपलं, तो माणूस आपल्या बांधाला हात लावत नाही, हे तिनं ओळखलं होतं. काढ्याचं ती कुणाकडून काही घेत नसे. पाटील उकंडराव तिला भर चावडीत ‘माय’ म्हणे, आणि तेवढं तिला पुरे होतं.

जर्मनची लढाई चालू असताना गावच्या दुसरीपर्यंतच्या शाळेवर चिंतामण मास्तर आले. मेहकरचे ब्राह्मण, तिशीच्या आतले, बरोबर बायको शरयू. मास्तरांकडे सरकारकडून हिवतापावरच्या कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, पुड्या वाटायला येत. गावात त्या कुणी घेत नसे. कोयनेलनं कान वाजतात, पोट जळतं, असं सगळे म्हणत. मास्तर एकदा सोजराबाईच्या ओसरीवर येऊन बसले. भांडायला नव्हते आले. त्यांना खरंच कुतूहल होतं.

“सोजराबाई, तुमच्या काढ्यानं आजवर किती माणसं बरी झाली असतील?”

“मोजली नाईत मास्तर. लय झाली.”

“आणि काढा न घेता किती बरी झाली?”

सोजराबाई हातातली गुळवेल ठेचता ठेचता थांबली. “ते मले कसं ठावं राहीन? ते माह्याकडे येतच नाईत ना.”

“तेच म्हणतो मी,” मास्तर म्हणाले. “हिवताप काही वेळा पाच-सहा पाळ्या देऊन आपला आपणच जातो. त्या वेळेला जो काढा पोटात असेल, त्याला गुण येतो. खरं काय ते कळायचं, तर न प्यायलेलेही मोजावे लागतील.”

तिला राग आला. बत्तीस वर्षं आपण ज्याच्यावर जगलो, त्याच्याकडे हा कालचा पोर संशयानं पाहतो. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. तिच्या घराला लागून वच्छलाबाईचं घर होतं. कुंपणावरून दोघींचं सात वर्षांपूर्वी कडाक्याचं भांडण झालेलं, तेव्हापासून बोलणं बंद. वच्छलाबाईच्या पोरांनाही दर साली हिव भरे, आणि ती काही काढ्याला येत नसे. तरी पोरं वाढत होती, झाडावर चढत होती. हे सोजराबाईला रोज कुंपणापलीकडे दिसत आलं होतं. त्याचा अर्थ काय, हे तिनं कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

दोन वर्षांनी पाऊस आलाच नाही. मृगात चार सरी पडल्या, मग आभाळ कोरडं. ज्वारी वीतभर वाढून करपली. ओढा श्रावणातच आटला, आणि लोक म्हणाले, चला, निदान यंदा हिव तरी कमी. ते खरंही ठरलं असतं. पण दसऱ्याच्या सुमाराला मलकापूरच्या कापसाच्या जिनात हमालीला गेलेली गावची चार माणसं परत आली. तिकडे आगगाडीनं मुंबईचा ताप आला होता. चौघांतले दोघे गाडीतून उतरले ते दोघांच्या आधारानं. त्यांना थंडी वाजत होती, अंग मोडून येत होतं, मान उचलवत नव्हती. लोक या दुखण्याला मानमोडी म्हणत होते.

सोजराबाईनं थंडी पाहिली, ताप पाहिला आणि मडकं चुलीवर चढवलं. पण याला पाळी नव्हती. मधला मोकळा दिवस नव्हता. तिसऱ्या दिवशी खोकल्यातून रक्त पडे, ओठ जांभळे पडत, आणि पाचव्या दिवशी ज्याच्या त्याच्या घरून रडणं ऐकू येई. म्हातारी माणसं आणि पोरं वाचत होती. नांगर धरणारे, पोटुशा बाया, असे भर वयातले जात होते.

ती स्वतःही पडली. दोन दिवस ताप आला, काढा घेतला, कडक लंघन केलं, आणि उठली. त्यानं तिची खात्रीच पटली. मग शेषराव पडला, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सून शालूबाई. शालूला सातवा महिना होता. कधी वर तोंड करून बोलली नाही अशी पोर. चार वर्षांच्या कौशल्येला सोजराबाईनं दिराच्या घरी पाठवलं आणि दोघांना दोन खोल्यांत झोपवून सकाळ-संध्याकाळ काढा द्यायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शालू म्हणाली, “आत्याबाई, थोडी पेज द्या ना. लय भूक लागली.”

“आजचा दिवस काढ पोरी. ताप उतरला का देतो.”

संध्याकाळी तिनं पुन्हा मागितलं. सोजराबाईनं पदरानं तिचे ओठ ओले केले आणि काढ्याची वाटी लावली. शालूनं तोंड वाकडं केलं नाही. पिऊन टाकला आणि उलटी झाली. सोजराबाईला वाटलं, वाईट बाहेर पडतंय. तिसऱ्या दिवशी सकाळी शालूनं मागितलं नाही. तिचं लक्ष आढ्याकडे होतं. चौथ्या दिवशी मेलेलं मूल झालं, मुलगा होता, आणि दुपार व्हायच्या आत शालू गेली. पलीकडच्या खोलीत शेषराव तापात बरळत होता. त्याला काही कळलं नाही. गावात सरपण उरलं नव्हतं. आई आणि मूल दोघांना ओढ्याच्या कोरड्या वाळूपलीकडे पुरलं, आणि खड्डा खणायला उकंडराव पाटील स्वतः आला, कारण दुसरं कुणी उभं नव्हतं.

रडायला वेळच नव्हता. अंगणात गडवे घेऊन बाया उभ्या होत्या. चिंतामण मास्तरही उभे होते. त्यांनी आपल्या जवळचं सगळं कोयनेल शरयूला देऊन पाहिलं होतं. काही फरक नव्हता. मास्तरांनी मान खाली घालून गडवा पुढे केला.

“किती दिवस झाले ताप येऊन?” सोजराबाईनं विचारलं.

“दोन.”

“खायले काई देऊ नका बरं.”

मास्तरांनी मान हलवली आणि काढा घेऊन गेले. शरयू तीन दिवसांनी गेली. तेवीस वर्षांची होती.

त्याच आठवड्यात मडकं रिकामं झालं. गुळवेल वाळून दोरी झाली होती, गजगा संपला होता, लोणारला जायला अंगात त्राण नव्हतं आणि बरोबर यायला माणूस नव्हता. निम्मं गाव अजून तापात होतं. बाया येत आणि सोजराबाई दारातूनच हात हलवी. परतणाऱ्या प्रत्येकीच्या पाठीकडे पाहून तिला वाटे, हे घर आता बसलं. काढ्यावाचून ही माणसं जगायची नाहीत. ओसरीवर बसून ती परत गेलेल्या बायांची घरं मनात धरून ठेवत गेली: इथे नाही दिला, तिथे नाही दिला.

कार्तिक सरता सरता साथ ओसरली. शेषराव उठला. बायको आणि मूल गेल्याचं त्याला सांगितलं तेव्हा तो भिंतीला टेकून दिवसभर बसून राहिला. तहसिलीतून हुकूम आला की गेलेल्यांची नोंद नीट करून पाठवा. पाटलाच्या घरचीही दोघं गेली होती. त्यानं ते काम मास्तरांवर टाकलं. शाळा बंदच होती. मास्तर शाळेच्या ओट्यावर कागद घेऊन बसत आणि येईल त्याला विचारत.

एका सकाळी सोजराबाई तिथे गेली आणि पायरीवर बसली.

“मास्तर, तुमी इचारलं होतं ना मले एकदा. आता मोजू.”

मास्तरांनी वर पाहिलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. “कशाला आता?”

“मले वाटते, काढा संपला म्हनून लोक मेले. किती मेले ते पाह्यचं हाय.”

तिला अक्षर येत नव्हतं. पण सत्तर घरं तिला तोंडपाठ होती. कुणाच्या घरी कोण पडलं, कुणाला काढा दिला, किती दिवस दिला, कोण उठलं. ती सांगत गेली, मास्तर लिहीत गेले. गावकुसाबाहेरच्या महारवाड्यापाशी ती अडखळली. ते लोक अंगणाच्या कडेला भांडं ठेवत आणि ती वरून काढा ओतत असे. साथीत तर त्यांच्यातलं कुणी आलंच नव्हतं, आणि आपणही तिकडे गेलो नाही. कोण जगलं, कोण गेलं, तिला ठाऊक नव्हतं. मास्तर म्हणाले, मग ते विचारून यावं लागेल. दोघं गेले. त्या वाड्याच्या तोंडाशी ती आयुष्यात पहिल्यांदा इतका वेळ उभी राहिली.

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मास्तरांनी बेरजा केल्या, पुसल्या, पुन्हा केल्या.

“काढा प्यायलेले एकशे बेचाळीस,” ते म्हणाले. “त्यातले अठरा गेले. न प्यायलेले सत्त्याण्णव. त्यातले बारा गेले.”

“म्हंजे काढ्यावाले जास्त गेले?”

“तसं नाही. प्यायलेलेच जास्त होते ना. हिशेब सारखाच येतो. प्यायलेल्या दर आठांतला एक गेला. न प्यायलेल्या दर आठांतलाही एकच गेला.”

सोजराबाई म्हणाली, “पुन्हा करा.”

मास्तरांनी पुन्हा केलं. तेच आलं.

ती उठली आणि घराकडे चालायला लागली. पण घरात न शिरता ती कुंपणाला वळसा घालून वच्छलाबाईच्या दारात गेली. यादीत वच्छलाबाईच्या घरची पाच माणसं पडलेली होती. पाचही उठली होती. वच्छलाबाई कण्या पाखडत होती. नऊ वर्षांनी समोर आलेली शेजारीण पाहून तिचं सूप थांबलं.

“भांडायले नाई आली,” सोजराबाई म्हणाली. “एक इचारतो. तुह्या घरी सारे पडले होते. तू काय केलंस?”

वच्छलाबाईला यात काही टोमणा आहे का, हे कळेना. “काय करनार व बाई? तुह्याकडे तं येता येत नव्हतं. पानी तापवून ठेवलं. ज्वारीच्या कण्यायची पेज केली, मीठ टाकलं. अंग पुसलं. दुसरं काय होतं घरात?”

“तापात पेज देल्ली?”

“मागितली तवा देल्ली. नाई मागितली तवा बसवून घोट घोट पाजली. उपाशी कशी ठेवू माय? आधीच दुष्काळाची सारी पोटं.”

सोजराबाईनं मान हलवली आणि निघाली. वच्छलाबाईनं तिला बस म्हटलं होतं, ते तिला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा शाळेच्या ओट्यावर होती. आता तिला दुसरंच मोजायचं होतं: कुणाला उपाशी ठेवलं आणि कुणाला पोटात काही दिलं. यासाठी पुन्हा घरोघर जावं लागलं. काही घरी लोकांनी काढा घेतला होता आणि गुपचूप पेजही दिली होती, तसं सांगताना बाया ओशाळत, माफ करा म्हणत, आणि सोजराबाई म्हणे, “सांग व, रागवत नाई मी.” काही घरी तिचं पथ्य अक्षर न अक्षर पाळलं होतं. काढा प्यायलेल्यांत अशा घरांतले अडुसष्ट निघाले, त्यांतले तेरा गेले; पेज घेतलेले चौऱ्याहत्तर, त्यांतले पाच गेले.

मास्तरांनी टाक खाली ठेवला. “यावरून काही सिद्ध होत नाही, सोजराबाई. जो जास्त आजारी, त्याची अन्नावरची वासनाच जाते. तो जेवत नाही म्हणून मरत नाही. मरणार असतो म्हणून जेवत नाही. असंही असू शकतं.”

“असू शकते?”

“हो. दोन्ही असू शकतं. या कागदावरून ते कळायचं नाही.”

मास्तर हे शास्त्र म्हणूनच सांगत होते, पण सांगताना तिच्याकडे पाहत नव्हते. त्या तेरांत शरयू होती, आणि वाटी तोंडापासून दूर त्यांनीच ठेवली होती. सोजराबाईला ते दिसलं. त्यांच्यासाठी ती गप्प बसायला तयार होती. पण स्वतःसाठी तिला ते शास्त्र वापरता येईना.

“शालूनं मागितलं होतं,” ती म्हणाली. “दोन वेळा.”

मास्तरांनी यादीतल्या एका नावावर बोट ठेवलं. म्हणाले, “शरयूनंही.”

उन्हं ओट्यावर चढली तशी सोजराबाई उठून घराकडे निघाली.

सोजराबाईनं हे त्याच दिवशी शेषरावला सांगितलं. तो गोठ्यात बैलाच्या पुढ्यात वाळका कडबा टाकत होता. न सांगता चाललं असतं. तो तापात बेशुद्ध होता, दुसरं कुणी घरात नव्हतं, आणि शालू आता बोलणार नव्हती. तरी ती गोठ्याच्या दारात उभी राहिली आणि जे झालं ते झालं तसं सांगितलं. काढ्याची उलटी, पेज, ओले केलेले ओठ.

शेषरावनं हातातली पेंढी टाकली. “मले काऊन सांगून राह्यली हे?”

“तुले ठावं पायजे म्हनून.”

“देल्ली असती तं वाचली असती?”

“ठावं नाई बाबा. मास्तरालेबी ठावं नाई.”

तो तिच्या बाजूनं निघून गेला. आठ दिवसांनी त्यानं शेतातल्या खोपीत बाज हलवली. पुढच्या साली दुसरं लग्न केलं, तेव्हाही नवी बायको घेऊन तिथेच राहिला. आईला ज्वारी, तूर वेळेवर पोचती करी, सणाला पाया पडून जाई. पण बसून बोलला असं नाही. कौशल्या मात्र आजीकडे राहिली. नव्या आईला ती नको होती.

पुढच्या भादव्यात पाऊस बरा झाला आणि गावात पुन्हा हिव शिरलं, ओळखीचं, पाळीचं. सोजराबाई मास्तरांकडे गेली आणि कोयनेलच्या पुड्या मागितल्या. तिनं मनाशी ठरवून ठेवलं होतं. एक घर काढ्याचं, एक घर कोयनेलचं, ओळीनं; कोण आवडतं, कोण नावडतं, पाहायचं नाही. आणि जेवण दोघांनाही. ज्यांना दोन्ही नको, त्यांच्याही पाळ्या ती दारावरून विचारून येई. कौशल्या तिच्यासाठी भिंतीवर कोळशानं रेघा ओढी.

दिवाळीपर्यंत भिंत भरली. मास्तर येऊन पाहून गेले. कोयनेल घेतलेल्यांची तिसरी पाळी बहुधा आलीच नव्हती. काढा घेतलेल्यांना चार, पाच, कधी सहा पाळ्या आल्या. काहीच न घेतलेल्यांनाही तितक्याच. गजग्यानं अंगदुखी जरा कमी होते, असं पाच-सात जण म्हणाले. मास्तरांनी ते वेगळं लिहून घेतलं आणि म्हणाले, एवढं खरं असेलही, सांगता येत नाही.

त्या दिवसापासून सोजराबाईनं काढा बंद केला. गावाला हे पचलं नाही. उकंडराव पाटलाच्या आईला हिव भरलं तेव्हा तो स्वतः आला.

“माय, काढा दे.”

“पाटील, काढ्यानं हिव जात नाई. मी मोजून पाह्यलं. या पुड्या न्या. पानी पाजा, पेज द्या.”

“माह्या मायनं उभ्या जन्मात तुह्या सासूचाच काढा घेतला.”

“हाव. आन् तिचं हिव आपल्या आपन गेलं.”

“मंग इतकी वर्सं आमाले काय पाजत होतीस बे तू?” पाटील म्हणाला. तो तिच्याशी असं कधी बोलला नव्हता. पुडी न घेता तो निघून गेला. नंतर चावडीवर बोलणं निघालं, सुनेला उपाशी मारलं हे म्हातारी आपल्या तोंडानं कबूल करते. आणि ज्यांच्या घरची माणसं काढा पिऊन गेली होती त्यांनी ते ऐकलं. त्या हिवाळ्यात तिच्या बांधावरची बाभूळ कुणीतरी तोडून नेली. दिरानं शेताचा धुरा दोन हात आत सरकवला. हळदीकुंकवाला तर ती विधवा म्हणून जातच नव्हती. आता बारशाला, पंगतीलाही बोलावणं येईना. येई ती फक्त वच्छलाबाई, कुंपणावरून, कधी भाजी घेऊन, कधी उगाच.

चिंतामण मास्तरांची बदली झाली. जाताना त्यांनी यादीची नक्कल तिच्या हातात दिली. तिला वाचता येत नव्हती, तरी तिनं ती घेतली. मास्तरांनी मूळ यादी टिपणासह वर पाठवली होती, काढा आणि लंघन यांचा पुन्हा कुणी नीट तपास करावा म्हणून. उत्तर आलं नाही. नवे मास्तर आले, त्यांनी पुड्या वाटायचं काम तिलाच करू दिलं. दर भादव्यात ती सात कोस चालत मेहकरच्या दवाखान्यातून कोयनेल घेऊन येई. पहिल्या वर्षी तिच्याकडे नऊ घरं आली. मग पंधरा. लोक पुडी घेत आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत निघून जात. कुणी ‘माय’ म्हटलं नाही. गावात हिवानं मरणं मात्र कमी होत गेलं. ते कुणाच्या लक्षात आलं असेल तर बोललं कुणी नाही.

अशी चोवीस वर्षं गेली. दुसरी लढाई लागली आणि एका भादव्यात मेहकरच्या कंपाउंडरनं हात वर केले. जपाननं जिथून कोयनेल येतं तो मुलूखच घेतला. जे आहे ते फौजेला. सोजराबाई पंचाहत्तरीला आली होती. गावातच दिलेल्या कौशल्येच्या नवऱ्याच्या बैलगाडीतून ती रिकाम्या हातानं परतली. त्या साली पाऊस फार झाला होता, आणि हिवही तसंच चढलं. आठ दिवसांत बाया गडवे घेऊन अंगणात आल्या. त्यांतल्या बऱ्याच जणींचा १९१८ साली, मानमोडीच्या वेळी, जन्मही झाला नव्हता.

“आजी, तुमच्याकडे जुना काढा होता म्हनतात.”

“होता. त्याच्यानं हिव जात नाई.”

“तरी द्या. दुसरं काय हाय?”

तिनं जुनं मडकं पुढे ओढलं. मग कौशल्येला म्हणाली, “गुळवेल आन. गजगा भेटला तं पाह्य.”

काढा झाला. प्रत्येकीच्या गडव्यात ओतताना सोजराबाई तेच सांगत होती, पाळी थांबंल असं मी म्हनत नाई, जेवू घाला, पानी पाजा, लेकरू मागंल ते द्या. बाया हो म्हणत. काही ऐकत होत्या, काहींचं लक्ष गडव्याकडे होतं. त्या मोसमात गावात अकरा माणसं गेली, सात लेकरं. गावच्या शाळेत दुसरीपर्यंत शिकलेल्या कौशल्येनं वहीत नावं लिहिली, प्यायलेले एका पानावर, न प्यायलेले दुसऱ्या. पौषात सोजराबाईलाही हिव भरलं. तिनं काढा घेतला नाही. कौशल्येनं भरवलेली पेज दोन दिवस घेतली, तिसऱ्या दिवशी ती गिळवेना. शेषराव शेतातून आला आणि उंबऱ्याजवळ बसला. संध्याकाळी ती गेली तेव्हा तो तिथेच होता. मग उठून तो माणसं बोलवायला गावात गेला; आठ-दहा जण आले, पाटलाचा मुलगाही आला.